सुभाषित आणि साक्ष

“नदीचें मूळ आणि ऋषीचें कूळ शोधूं नये” अशी आपल्याकडे एक जुनी म्हण आहे. तिचा हेतु उघड आहे. मोठ्या वस्तूचा उगम बहुधा लहान निघतो, क्वचित् अडचणीचाही निघतो. तेव्हां तिकडे न पाहणेंच शहाणपणाचें. परंतु वाङ्मयविचारांत ही म्हण पाळून चालत नाहीं, आणि हल्लीं ज्या एका जातीच्या वचनांचा आपल्याकडे मोठा सुकाळ झाला आहे, त्यांच्या बाबतींत तर ती मुळींच पाळूं नये असें आम्हांस वाटतें. निसर्ग आणि पैसा यांची तुलना करून निसर्गास श्रेष्ठ ठरविणारीं हीं वचनें शाळांच्या भिंतींवर, दिनदर्शिकांवर, वृक्षारोपणाच्या निमंत्रणपत्रिकांवर सर्वत्र दिसतात. तीं वाचून मान डोलावणें सोपें आहे. आम्हीं तीं बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत नेऊन तपासावयाचें ठरविलें, त्यास कारण आहे. मातीची, पाण्याची आणि माळाची पैशांत किंमत करण्याचा उद्योग या भागांत जितका जुना आणि पद्धतशीर आहे, तितका महाराष्ट्रांत क्वचितच दुसरीकडे असेल. सोन्याचा कस लावावयाचा तर कसोटीचा दगडही तसाच हवा.

या वचनांत सर्वांत प्रसिद्ध तें, पैसा खातां येत नाहीं असें अखेर बजावणारें. शेवटचें झाड, शेवटचा मासा, शेवटची नदी अशा पायऱ्या चढत तें त्या निर्णयाशीं येऊन थांबतें. कोठें तें ‘रेड इंडियन म्हण’ म्हणून, कोठें ‘क्री जमातीचें प्राचीन भाकीत’ म्हणून, तर कोठें पिसांचा मुकुट घातलेल्या एखाद्या सरदाराच्या चित्राखालीं छापलेलें आढळतें. प्राचीनत्वाची ही मोहर खोटी आहे. छापील पुरावा पाहतां हें बोलणें १९७२ सालीं कॅनडांत प्रसिद्ध झालेल्या एका लेखसंग्रहापर्यंत मागें जातें. टेड पूल यांनीं तेथील मूळ रहिवाशांशीं केलेल्या संभाषणांचा एक लेख त्यांत आहे, आणि हें बोलणें त्या लेखांत अलानिस ओबोमसाविन या बाईंच्या तोंडीं आलें आहे. बाई अबेनाकी समाजाच्या, क्री नव्हत. त्यांचा जन्म १९३२ चा. त्या गायिका, आणि कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळांत पुढें अर्धशतकाहून अधिक काळ माहितीपट करणाऱ्या नामांकित दिग्दर्शिका. म्हणजे ज्यास आपण एखाद्या अनाम ऋषीचें वचन समजतों, तें मॉन्ट्रिऑलसारख्या मोठ्या शहरांत राहणाऱ्या, आपल्याच काळांतील एका कलावतीचें बोलणें आहे.

एवढ्यानें वचनाची किंमत कमी होते काय? मुळींच नाहीं, उलट वाढते. कारण बाईंचें मूळ बोलणें झाडापासून सुरू होत नाहीं. कॅनडासारखें संपन्न राष्ट्र आपलें मूळ भांडवल संपवीत संपवीत चालतें, आणि मागें उजाडलेली भूमि ठेवतें, हा त्यांचा आरोप आहे. आणि तो त्यांनीं राष्ट्राचें नांव घेऊन केलेला आहे. ज्यांच्या वनांवर आणि नद्यांवर हें घडलें त्यांच्यापैकीं एक बाई, ज्यांनीं तें घडविलें त्यांस उद्देशून बोलत आहे. पुढें तें बोलणें चळवळींच्या हातीं गेलें, ग्रीनपीसच्या फलकांवर चढलें, जर्मनींत ‘क्रींचें भाकीत’ या नांवानें घरोघर झालें, आणि या प्रवासांत बाईंचें नांव गळालें, समाजाचें नांव बदललें, कॅनडाचें नांव तर पार पुसलें गेलें. राहिलें तें एक गुळगुळीत वाक्य. नदींतला दगड असाच गुळगुळीत होतो. तो हातांत धरावयास बरा वाटतो, परंतु कोणत्या डोंगराचा हें सांगतां येत नाहीं.

सिॲटल सरदाराच्या भाषणाची हकीकत याहूनही बोधक आहे. हें भाषण १८५४ सालचें म्हणून सांगतात. तें प्रथम छापलें गेलें २९ ऑक्टोबर १८८७ रोजीं, म्हणजे तेहतीस वर्षांनीं, आणि तेंही हेन्री स्मिथ या डॉक्टरानें आठवणीवरून सजविलेल्या इंग्रजींत. परंतु भूमि विकतां येईल काय, आकाश विकतां येईल काय, असा प्रश्न विचारणारें जें ‘पत्र’ आज जगभर वाचलें जातें, तें या स्मिथचेंही नव्हे. १९७१-७२ च्या सुमारास टेड पेरी या अमेरिकन लेखकानें एका माहितीपटासाठीं तें रचलें, आणि निर्मात्यांनीं त्याचें नांव न देतां तें सरदाराच्या नांवावर घातलें. त्यांत आगगाडींतून मारलेल्या बायसनांच्या प्रेतांचा उल्लेख येतो. सिॲटल ज्या किनाऱ्यावर राहत होता तेथें बायसन नव्हते आणि १८५४ सालीं आगगाडीही नव्हती. इतकी ढोबळ चूक लाखो वाचकांच्या नजरेंतून निसटावी, हें आम्हांस त्या पत्राच्या वाङ्मयगुणांपेक्षांही अधिक विचार करण्यासारखें वाटतें.

ती निसटते, कारण वाचकास तेथें सत्य नको असतें; ऋषि हवा असतो. नामशेष झालेल्या ऋषीचें वचन ऐकण्यांत एक सोय आहे. तो आपल्याकडे कांहीं मागावयास येत नाहीं. जिवंत बाई बोलली तर ती उद्यां न्यायालयांत जाईल, जमिनीचा दावा सांगेल, आपल्या घराच्या नळाचें पाणी कोठून येतें तें विचारील. मेलेला सरदार भिंतीवर गप्प बसतो. म्हणून जिवंत बाईचें बोलणें काढून घेऊन तें मेलेल्या सरदारास देण्यांत आलें. यांत कोणाचा कट होता असें आम्ही म्हणत नाहीं. वाचकाचा आळसही मोठमोठीं कामें करून जातो.

येथें कोणी विचारील, वचन खरें असलें म्हणजे पुरे, कर्ता कशाला हवा? या प्रश्नास बारामतीचेंच एक उत्तर आहे. पन्हाळ्यास जन्मलेले मोरोपंत (१७२९-१७९४) बाबूजी नाइकांच्या आश्रयानें बारामतीस येऊन राहिले आणि कऱ्हेच्या कांठीं त्यांनीं आयुष्य काढलें. त्यांच्या ‘केकावलीं’तील सत्संगाची प्रार्थना महाराष्ट्रांतील कित्येक घरांत आणि शाळांत म्हटली गेली, आणि म्हणणाऱ्यांपैकीं पुष्कळांस ती कोणाची हें ठाऊक नव्हतें. त्यामुळें तिचें कांहीं बिघडलें नाहीं. चांगल्यांची संगति घडावी ही इच्छा कोणीही, केव्हांही, कोठेंही करावी आणि ती तितकीच खरी असावी. हें सुभाषित होय. “सोन्याची सुरी झाली म्हणून उरांत खुपसून घेऊं नये” ही म्हणही अशीच. प्राणापुढें सोन्याची प्रौढी नाहीं हें तिनें एका चित्रांत सांगितलें, आणि तें सांगणाऱ्याचें नांव कोणासही नको आहे. परंतु ‘माझ्या नदीचें अमक्यानें असें केलें’ हें सुभाषित नव्हे. ती साक्ष आहे. साक्षीवरून साक्षीदाराचें नांव, गांव आणि तारीख काढून घेतली कीं तिचें सुभाषित होत नाहीं, ती नुसती बाद होते. निसर्गविषयक वचनांच्या बाजारांत आज जें चाललें आहे तें हेंच. साक्षी जमा करून त्यांचीं सुभाषितें पाडण्यांत येत आहेत.

आतां तें प्रसिद्ध वचन इंदापुरास नेऊं.

इंग्रजी अमलाच्या आरंभीं, १८२८ नंतरच्या कांहीं वर्षांत, प्रिंगल या अधिकाऱ्यानें दख्खनची मोजणी केली. प्रत्येक जमिनीचें निव्वळ उत्पन्न किती याचा बारीक हिशेब करून त्याच्या शेंकडा ५५ सारा ठरवावा, अशी त्याची योजना होती. कागदावर ती अत्यंत शास्त्रशुद्ध होती. इंदापुरांत तिचा परिणाम असा झाला कीं लोक जमिनी टाकून जाऊं लागले. तेव्हां १८३५ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनीं त्याच तालुक्यांत नवी मोजणी हातीं घेतली आणि १८३६ सालीं तीस वर्षांचा, पूर्वीपेक्षां बराच हलका, सारा बांधून दिला. मुंबई इलाख्याच्या रयतवारी मोजणीचा जन्म तो हाच. १८४७ च्या संयुक्त अहवालांत तिचे नियम पक्के झाले. मातीचा रंग पाहावयाचा, तिची खोली हातानें मोजावयाची, चुनखडी, वाळू, उतार असे दोष वजा करावयाचे, आणि उरेल तें मोल आण्यांत मांडावयाचें. खोल काळी जमीन सोळा आणे; तेथून खालीं मुरमाड माळापर्यंत एकेक पायरी. ज्या मातीस कुणबी ‘काळी आई’ म्हणे, ती अशा रीतीनें आण्यांत उतरली. आम्ही यास अधर्म म्हणत नाहीं. विंगेटच्या आण्यांनीं प्रिंगलच्या शेंकड्यांपासून रयतेस सोडविलें, हें नाकबूल करणें कृतघ्नपणाचें होईल. मोजणें हा दोष नव्हे. मोजतांना काय सुटतें, हा प्रश्न आहे.

सुटलें काय, तें एका शब्दांत सांगतां येतें: खराबा. ज्या तुकड्यावर नांगर चालत नाहीं तो पोटखराबा, आणि ज्या माळावर पीक नाहीं तो पडीक. सरकारी दप्तरांतील हे शब्द आतां आपल्या बोलण्यांत इतके मुरले आहेत कीं त्यांत एक मत दडलेलें आहे हें लक्षांतच येत नाहीं. सुप्यापासून इंदापुरापर्यंत पसरलेला कुसळी गवताचा माळ म्हणजे चिंकाऱ्याचें आणि लांडग्याचें घर, धनगरांच्या मेंढरांचें कुरण. पावसाळ्यानंतर धनगर कळप घेऊन निघे, वाटेंत शेतकऱ्याच्या रानांत मेंढरें बसवी, खताच्या मोबदल्यांत धान्य घेई. या व्यवहारांत माळाला पूर्ण मोल होतें. तें आण्यांत नव्हतें एवढेंच. मोजणीदारास जें मोजतां आलें नाहीं तें त्यानें निरुपयोगी म्हणून लिहिलें, आणि आपण तें खरें मानलें. सुप्याजवळचें मयूरेश्वर अभयारण्य चिंकाऱ्यासाठीं १९९७ सालीं जाहीर झालें. त्याचें क्षेत्र सुमारें पांच चौरस किलोमीटर आहे. एवढ्या तुकड्यावरून ‘खराबा’ हा शब्द पुसला जावयास दीडशें वर्षें लागलीं.

तीस वर्षांची मुदत १८६६ सालीं संपली. अमेरिकेंतील यादवीमुळें कापसाचे भाव चढलेले, त्या चढत्या भावांच्या काळांत इंदापुरापासून साऱ्याची फेरआकारणी सुरू झाली आणि सारा मोठ्या प्रमाणांत वाढला. मग भाव उतरले. सारा उतरला नाहीं. सावकाराच्या वह्या फुगत गेल्या. १२ मे १८७५ रोजीं, बाजाराच्या दिवशीं, त्या वेळच्या भीमथडी आणि आजच्या बारामती तालुक्यांतील सुपें गांवीं लोक सावकारांच्या घरांवर चालून गेले. त्यांस माणसें मारावयाचीं नव्हतीं. त्यांस कर्जरोखे हवे होते; ते हातीं आले ते त्यांनीं जाळले. पुढें चौकशी मंडळ बसलें, आणि १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांस थोडी सवलत देणारा कायदा झाला. जमिनीपेक्षां जमिनीवरचा कागद बलवान् झाला आहे, हें सुप्याच्या लोकांनीं ओळखलें आणि हल्ला कागदावर केला. निसर्ग आणि पैसा यांच्या भांडणावर इतकें अचूक भाष्य आमच्या पाहण्यांत कोणत्याही सुभाषितांत नाहीं. “उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ चाकरी” ही म्हण त्या दिवशीं सुप्याच्या बाजारांत कोणी म्हणून दाखविली असती तर लोकांनीं काय केलें असतें, याची कल्पना वाचकांनींच करावी.

दुसऱ्याच वर्षीं, १८७६ सालीं, मोठा दुष्काळ पडला. पैसा खातां येत नाहीं हें वचन येथें खरोखर कसोटीस लागतें, आणि आमच्या मतें तें येथें अर्धेंच उतरतें. कारण धान्य सर्वस्वीं नव्हतें असें नाहीं. आगगाडी तें आणीत होती, बाजारांत तें महाग विकलें जात होतें. ज्याच्या गांठीं पैसा त्यास तें मिळे. १८८० च्या दुष्काळ आयोगानेंही असेंच म्हटलें आहे कीं हे दुष्काळ अन्नाच्या तुटवड्यापेक्षां कामाच्या, म्हणजे मजुरीच्या, तुटवड्याचे असतात. इंदापुरच्या उपाशी माणसास ‘पैसा खातां येत नाहीं’ असें सांगणें म्हणजे जखमेवर मीठ चोळणें होय. त्यास दिसत होतें तें हें कीं पैसा असणारे खात आहेत. ओबोमसाविन बाईंचें वचन श्रीमंत राष्ट्रास उद्देशून होतें, तेथें तें खरें आहे. श्रोता बदलला कीं तेंच वाक्य निर्दय होतें. साक्षीवरून तारीख आणि पत्ता काढला कीं काय होतें याचें याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस देतां येणार नाहीं.

त्याच दुष्काळांत दुष्काळी काम म्हणून नीरेच्या डाव्या कालव्याची खोदाई सुरू झाली, आणि १८८५ च्या सुमारास पाणी वाहूं लागलें. भाटघरच्या धरणाचें पाणी बारामती आणि इंदापूर तालुक्यांच्या कोरड्या रानांत आलें, त्यामागून ऊंस आला, विसाव्या शतकांत साखर कारखाने आले. या पाण्यानें माणसें जगलीं; त्यास नांवें ठेवण्याचा अधिकार शहरांत बसून लिहिणाऱ्या आमच्यासारख्यांस नाहीं. परंतु ‘पाण्यासारखा पैसा’ हा आपला वाक्प्रचार त्या मुलखांत उलटा फिरला, आणि पैशासारखें पाणी असा त्याचा अर्थ झाला. ज्याच्या हातीं तें अधिक त्यानें अधिक घ्यावें, आणि घेतल्यावर तें सांचवावें. पाणी सांचविल्याचा परिणाम जमिनीनें लवकरच दाखविला. हॅरॉल्ड मान आणि ताम्हणे यांनीं १९१० सालीं नीरा खोऱ्यांतील खारपड जमिनींवर पुस्तिका लिहिली. कालव्याचें पाणी अतोनात देऊन, निचरा न ठेवून, चांगली काळी जमीन पाणथळ कशी झाली आणि तिच्या अंगावर मीठ कसें फुटलें, याचें त्यांत वर्णन आहे. सोळा आण्यांची जमीन पांढरी पडली. त्या पुस्तिकेंत एकही सुभाषित नाहीं, आणि भिंतीवर लिहिण्यासारखें एकही वाक्य आम्हांस त्यांत आढळलें नाहीं. परंतु निसर्गाचें मोल या विषयावरील मराठी मुलखांतल्या लेखनाचा कोणी इतिहास लिहिला, तर ही शेतकी खात्याची पुस्तिका त्यांत पहिल्या ओळींत बसावी.

शेवटच्या नदीच्या विटाळाची गोष्टही दूर कॅनडांत शोधावयास नको. भीमेवरील उजनी धरण १९८० सालीं पुरें झालें. त्याचा फुगवटा इंदापूर तालुक्यांत पळसदेव, भिगवणपर्यंत येतो. जुन्या पळसदेवाचें देऊळ त्यांत बुडालें, आणि पाणी उतरलें म्हणजे तें वर येतें. त्याच पाण्यावर भिगवणास रोहित पक्षी उतरतात, आणि भादलवाडीच्या तळ्याकाठीं चित्रबलाकांचीं घरटीं असतात. हें वैभव धरणानें दिलें. तेव्हां निसर्ग एका पारड्यांत आणि पैसा दुसऱ्या पारड्यांत, असें सरळ तोलणें येथें जमत नाहीं. परंतु या जलाशयांत पुणें शहराचें सांडपाणीही मुळा-मुठेच्या वाटेनें भीमेंत येऊन पोहोंचतें. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळ पुण्याचे आहेत. नदीविषयीं क्री जमातीचें वचन दिवाणखान्यांत टांगणाऱ्या घराचें सांडपाणी इंदापुरच्या माणसाच्या दारीं जातें, हें त्या चौकटीखालीं बारीक अक्षरांत लिहिलें तर बरें होईल.

मग आपलीं स्वतःचीं वचनें काय म्हणतात? सर्वांत आधीं आठवतो तो तुकोबांचा, झाडावेलींस आणि वनांतल्या जीवांस सोयरे म्हणणारा अभंग. वृक्षारोपणाचा समारंभ त्याच्यावांचून होत नाहीं. तुकोबांची पालखी दर आषाढवारीस बारामतीवरून, सणसर, निमगांव केतकीवरून इंदापुरास जाते आणि सराटीस नीरा ओलांडते; तेव्हां हा अभंग या तालुक्यांतून अक्षरशः चालत जातो असें म्हणतां येईल. त्या पालखीमार्गाच्या चौपदरी कामाची पायाभरणी २०२१ सालीं झाली. रुंदीकरणांत जुनीं झाडें गेलीं, दोहों बाजूंस नवीं लावण्याच्या योजनाही जाहीर झाल्या, आणि त्या योजनांच्या निमित्तानेंही अभंग तोच म्हटला जातो. परंतु अभंग सबंध वाचला तर तो झाडें लावण्याविषयीं नाहीं हें दिसतें. तो एकांताविषयीं आहे. आकाश मंडप आणि पृथ्वी आसन करून बसलेला एक माणूस आपल्याच मनाशीं वाद-संवाद करतो, तेथें तो संपतो. हा एकांत तुकोबांस कसा लाभला? परंपरा सांगते कीं १६३० च्या सुमाराच्या भयंकर दुष्काळानंतर, सावकारी चालत आलेल्या त्या घरांतील आपल्या वांट्याचीं कर्जखतें त्यांनीं इंद्रायणींत सोडलीं. धाकट्या भावाचा अर्धा वांटा त्यास दिला, आपला बुडविला. वनचरांशीं सोयरीक जडली ती त्यानंतर. सुप्यास ऋणकोंनीं खतें जाळलीं. देहूस धनकोनें स्वतः बुडविलीं. अभंग भिंतीवर लिहावा, जरूर लिहावा. परंतु खतांची गोष्ट वगळून त्याचा अर्थ सांगणें म्हणजे हिशेबांतली जमा सांगून खर्च लपविणें होय.

या सर्वांत आम्हांस वाङ्मय म्हणूनही सर्वांत वरचढ वाटतो तो ‘आज्ञापत्रां’तील आरमाराच्या प्रकरणाचा एक उतारा. हल्लीं तो ‘शिवाजी महाराजांचें पत्र’ म्हणून फिरतो. आज्ञापत्र हें रामचंद्रपंत अमात्यांनीं १७१५ च्या सुमारास, कोल्हापूरच्या संभाजी महाराजांच्या कारकीर्दींत सिद्ध केलेलें राजनीतीचें पुस्तक आहे. अमात्य राज्याभिषेकाच्या वेळेपासून थोरल्या महाराजांच्या अष्टप्रधानांत होते. तेव्हां त्यांच्या लेखणींत महाराजांच्या राज्याची रीत उतरली असें मानण्यास हरकत नाहीं. परंतु शब्द अमात्यांचे आहेत, आणि त्यांचें श्रेय त्यांस न देण्यानें महाराजांचा गौरव वाढतो असें थोडेंच आहे!

उताऱ्याचा विषय कोरडा आहे: जहाजांस लांकूड पाहिजे, तें कोठून आणावें? अमात्य सांगतात, सागासारखें लांकूड परवानगीनें जंगलांतून घ्यावें, कमी पडेल तें बाहेरून विकत आणावें. आंबा-फणसांचें लांकूडही उपयोगी आहे, परंतु त्यास हात लावूं देऊं नये. कारण तीं झाडें एक-दोन वर्षांत होत नाहींत. रयतेनें तीं पोटच्या पोरांप्रमाणें वाढविलेलीं असतात, आणि तोडल्यावर तिच्या दुःखास सीमा राहत नाहीं. दुसऱ्यास पिडून केलेलें काम करणाऱ्यासकट लयास जातें, दोष राजावर येतो, आणि झाडें नाहींशीं होऊन नुकसान होतें तें निराळेंच. एखादें झाड फारच जुनें होऊन कामांतून गेलें असेल, तर धन्यास राजी करून, त्यास पैका देऊन, त्याच्या संतोषानें तोडावें. बळजोरी सर्वथा करूं नये.

वाचकांनीं येथें थोडें थांबावें. हा राज्यकारभार चालविणारा माणूस आहे. त्यास जहाजें हवींच आहेत. तो पैशाची निंदा करीत नाहीं. झाडाची किंमत होते, ती द्यावी, असें तो म्हणतो. परंतु किंमतीच्या आधीं तो दोन अटी घालतो. झाडास लागलेला काळ पैशानें परत आणतां येत नाहीं, ही पहिली. आणि धनी राजी असला पाहिजे, ही दुसरी. विंगेटच्या तक्त्यांत मातीची खोली होती, रंग होता, दोष होते. ती माती कसदार करण्यांत किती पिढ्या गेल्या याचा रकाना नव्हता, आणि धन्याच्या संतोषाचा तर नव्हताच. परदेशी वचन म्हणतें, पैसा व्यर्थ आहे. अमात्य म्हणतात, पैसा द्या, पण विचारून द्या, आणि कांहीं ठिकाणीं पैसा असूनही हात आवरा. पहिलें ऐकून माणूस हळहळतो. दुसरें ऐकून त्यास कुऱ्हाड खालीं ठेवावी लागते, किंवा निदान धन्याच्या दारीं जावें लागतें. कालव्याखालीं, धरणाखालीं, रस्त्याखालीं ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांस या दोहोंतील फरक समजावून सांगण्याची गरज नाहीं.

आणखी दोन वचनांविषयीं थोडक्यांत. पृथ्वी गरज भागवील, हांव भागविणार नाहीं, हें गांधीजींचें म्हणून सांगितलें जाणारें वचन त्यांच्या लेखांत शोधणारे निराश होतात. तें त्यांचे चिटणीस प्यारेलाल यांनीं १९५८ सालीं प्रसिद्ध झालेल्या चरित्रखंडांत ऐकीव म्हणून नोंदविलें आहे. ऐकणारा जवळचा होता. साक्ष चांगली आहे, एवढें म्हणून पुढें जावें. पृथ्वी वाडवडिलांची देणगी नसून मुलांकडून घेतलेली उसनवारी आहे, हें वचनही अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या नांवावर फिरतें. वस्तुतः वेंडेल बेरी या केंटकीच्या शेतकरी-लेखकाच्या १९७१ च्या पुस्तकांत त्याचें मूळ आहे. येथें मात्र मराठी भाषांतरकारांची एक वाहवा केली पाहिजे. त्यांनीं ‘कर्ज’ म्हटलें नाहीं, ‘उसनी’ म्हटलें. कर्जास व्याज असतें, खत असतें, सावकार असतो. उसनें शेजाऱ्याकडून घ्यावयाचें, आणि पायली घेतली तर पायलीच परत करावयाची, तीही तशाच चांगल्या दाण्याची. मूळ इंग्रजी शब्दांत हा भेद नाहीं. सुप्याच्या मुलखांत तो शंभर पुस्तकांपेक्षां अधिक सांगून जातो.

साक्ष जपावी कशी, याचा नमुनाही पुणें जिल्ह्यांतच तयार झालेला आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनीं १९८० नंतरच्या दशकांत, गांवोगांवच्या बायकांबरोबर, जात्यावरच्या ओव्या जमविण्यास आरंभ केला. हा संग्रह एक लाखाच्या वर गेला, आणि २०१७ पासून त्याचें नव्यानें प्रकाशन चालू आहे. त्यांत पाऊस आहे, शेत आहे, विहीर आहे, भाऊ आहे, सासर आहे, कर्जही आहे. यांतील कितीएक ओव्या घरोघर फिरलेल्या. त्यांचा कर्ता कोण हें कोणीच सांगूं शकणार नाहीं, त्या अर्थानें त्या सुभाषितेंच होत. तरीही संग्राहकांनीं ओवी ‘लोकगीत’ एवढ्या शिक्क्याखालीं सोडली नाहीं. ओवीपाशीं ती गाणाऱ्या बाईचें नांव लिहिलें, आणि त्यापुढें गांव, तालुका आणि जिल्हा.